कोकणात बॉटनीचं प्रोफेसर व्हायचं तर पावसाळे मोजायला शिका

बारावीचा निकाल लागला की मला दरवर्षी तीन-चार फोन येतातच. सर, आमच्या मुलीला बॉटनी घ्यायचीय, पुढे तुमच्यासारखं प्रोफेसर व्हायचं म्हणतेय, स्कोप आहे का? मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेतो, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नाहीच, म्हणून आता एकदाच बसून सगळं लिहून काढतोय, पुढच्या वर्षी लिंक पाठवली की काम झालं.

मी कणकवलीकडचा. बॉटनी घेतली तेव्हा शेजारचे आबा म्हणाले, "झाडपालो शिकान काय करतलस रे?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नंतर कळलं की 1884 साली आपल्या मालवणातच जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हाच झाडपालो शिकायला बर्लिनला गेले, पहिल्या महायुद्धात तिथेच अडकले, डॉक्टरेट घेऊनच परत आले आणि मग कलकत्ता विद्यापीठात वर्षानुवर्षं बॉटनीचे प्रोफेसर होते, आणि 1946 साली त्यांनी पुण्यात उभी केलेली संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण हे मला कळेपर्यंत आबा गेले होते.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे कॉलेजात शिकवणारा प्रत्येकजण 'प्रोफेसर'च असतो, अगदी काल लागलेला पण. कागदावर तसं नसतंय. आधी सहायक प्राध्यापक, मग सहयोगी, मग कुठे नुसतं प्राध्यापक. आणि दुसरा घोळ दापोलीचा. दापोलीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, झाडांचंच शिक्षण, मग तिथेच जाऊ असं खूपजणांना वाटतं. जा, उत्तम आहे, पण तो रस्ता वेगळा: बीएस्सी ॲग्री, मग कृषी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी, तिथली नेट (शिकवण्याच्या पात्रतेची देशपातळीवरची परीक्षा) वेगळी, ती कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ घेतं. मी सांगतोय ते साध्या सायन्स कॉलेजातल्या बॉटनीचं. दोन्ही दरडींवर पाय ठेवून चालत नाही, एफवायच्या आधीच ठरवा.

बीएस्सीची तीन वर्षं पोरं जर्नल सर्टिफाय करून घेण्यात घालवतात. टीएस कापायची, सॅफ्रानिन लावायचं, डायग्राम काढायची, सही, संपलं. मी पण तेच केलं. आता वाटतं की त्या तीन पावसाळ्यांत घरामागचा एकच सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) नीट बघितला असता तर माझी पीएचडी दोन वर्षं आधी झाली असती. खोटं नाही सांगत. तुम्हाला काय करायचंय, तर एक वही घ्यायची, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी एकाच जागी जायचं, सडा असो, देवरहाटी (देवाच्या नावाने राखलेलं रान) असो, खाडीचा काठ असो, आणि कुठलं झाड फुलावर आहे, कुठलं फळावर, एवढंच तारखेसकट लिहायचं. नाव माहीत नसेल तर 'पिवळं, तीन पाकळ्या, डबक्यात' असं लिहा, चालतंय. फोटोत फूल येतं पण पान येत नाही ही सगळ्यांची चूक, त्यामुळे पान, खोड आणि पाठीमागची बाजू सगळ्याचे फोटो काढा. पायात गमबूट पाहिजेतच, आपल्या सड्यांवर फुरसं किती आहे ते सांगायला नको.

फिजिओलॉजी डोक्यात शिरत नसेल तर आंबा बागायतदाराकडे जाऊन बसा. ते भर पावसात, जुलै-ऑगस्टला कलमांच्या मुळाशी कल्टार घालतात, ते कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, ते झाडात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होऊ देत नाही म्हणून पालवी दबते आणि मोहोर धरतो. हेच पुस्तकात दोन पानं भरून असतं आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरलं जातं. कोकम घ्या, नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं, बी लावून वाढवलं आणि वर्षानुवर्षं पाणी घातलं की कळतं निम्मी नर निघाली, म्हणून लोक कलमं लावतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना काढला, त्यात हापूससारखा साका (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होणं) होत नाही, ही जेनेटिक्सची अख्खी प्रश्नपत्रिका आहे. व्हायवाला अशी उदाहरणं दिली की एक्स्टर्नल चष्मा वर करून बघतो.

एमएस्सी झटपट सांगतो. 55 टक्के पाहिजेत, राखीव प्रवर्गाला 50, त्याखाली गेलात तर पुढचं सगळं बंद, मग कितीही हुशार असा. कोकणात राहून करा, मुंबईला करा, कोल्हापूरला करा, फरक पडतो तो लायब्ररीचा आणि हॉस्टेलच्या मेसचा.

खरी गाठ नेट-सेटशी. 2023 च्या जुलैपासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा स्लेट (या दोन राज्यपातळीवरच्या) ही किमान अट केली आणि पीएचडी ऐच्छिक केली, त्यामुळे 'आधी पीएचडी करतो मग बघू' हा जुना हिशोब आता कॉलेजच्या नोकरीला लागू होत नाही. बॉटनी नावाचा पेपर नसतो, लाइफ सायन्सेस असतो, आणि तिथेच आपली पोरं गडबडतात, कारण त्यात तेरा युनिट, त्यात इम्युनॉलॉजी, ॲनिमल फिजिओलॉजी, सेल सिग्नलिंग सगळं. सीएसआयआर नेटचा, म्हणजे सायन्सवाल्यांच्या नेटचा, पेपर 200 मार्कांचा, तीन तास. पार्ट ए मध्ये 20 पैकी 15 सोडवायचे, बी मध्ये 50 पैकी 35, सी मध्ये 75 पैकी फक्त 25, पण सी चा एक प्रश्न 4 मार्कांचा, म्हणजे निम्मे मार्क तिथेच. चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कापला जातो. आता नीट बघा, 75 मधले 25 तुम्ही निवडताय. म्हणजे सगळ्या तेरा युनिटांच्या मागे धावायची गरजच नाही, प्लांट फिजिओलॉजी, इकॉलॉजी, इव्होल्यूशन, डायव्हर्सिटी, इनहेरिटन्स आणि मेथड्स एवढं पक्कं करा, मॉलेक्युलर बायोलॉजी मात्र टाळता येत नाही, ती खावीच लागते कारल्यासारखी. मी पहिल्या दोन खेपांना तेरा युनिटं वाचून नापास झालो आणि तिसऱ्यांदा सात वाचून पास.

सेट आपल्या राज्याची, पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यात चालते. पहिला पेपर 50 प्रश्नांचा, दुसरा 100, प्रत्येकी दोन मार्क, निगेटिव्ह नाही. त्यामुळे सेटला एकही प्रश्न सोडून यायचं नाही, आणि नेटला उगाच हात मारत सुटायचं नाही. हे उलटं करणारे मी डोळ्यांनी बघितलेत. सिंधुदुर्गात राहून गोव्यात नोकरी करायची असेल तरी सेट पुरते, सावंतवाडीकडच्या पोरांनी हे लक्षात ठेवा.

जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर सोनं. पहिली दोन वर्षं महिना 37,000, नंतर एसआरएफचे (तीच, वरच्या पायरीची) 42,000, घरी पैसे मागायला लागत नाहीत. पण आता निकालात तीन खाने येतात, जेआरएफ, सहायक प्राध्यापक आणि 'फक्त पीएचडी प्रवेश'. तिसऱ्या खान्यात नाव आलं म्हणून गावात पेढे वाटलेला एक माझ्या ओळखीचा आहे. त्या खान्याने फक्त पीएचडीच्या ॲडमिशनला मार्क धरले जातात, शिकवायची पात्रता मिळत नाही. पेढे वाटायच्या आधी खाना बघा.

आता तासिका तत्त्व, म्हणजे सीएचबी. हे कोणी आधी सांगत नाही. सेट झाली की लगेच कायम नोकरी लागेल असं घरच्यांना वाटतं, लागते सीएचबी. घेतलेल्या तासाचे पैसे, मे महिन्यात काही नाही, दिवाळीच्या सुट्टीत काही नाही, आणि आहे ते पण मार्च उलटल्यावर एकदम. मी सहा वर्षं केलं. सकाळच्या एसटीने जायचं, दोन लेक्चर एक प्रॅक्टिकल, संध्याकाळच्या एसटीने परत. वर लॅबमध्ये स्लाइड मोजायच्या, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली लावायच्या, स्नेहसंमेलनाला खुर्च्या लावायच्या, त्याचे तास कोणी धरत नाही. तरी करा, असं मी म्हणतो, पण तीन अटींवर. एक, दरवर्षीचं नेमणुकीचं पत्र आणि विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र हातात घेतल्याशिवाय जून सोडायचा नाही, तोंडी 'या हो उद्यापासून' वर गेलेलं वर्ष अनुभवात धरलंच जात नाही. दोन, घराजवळचंच कॉलेज बघा, नाहीतर मानधन एसटीत जातं. आणि तिसरी अट ही की त्याच वर्षात पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालंच पाहिजे. सीएचबी सांभाळत 'पुढच्या वर्षी करू' म्हणणारे आमच्यातले चारजण आजही पुढच्या वर्षीच करणार आहेत.

पीएचडीवर जरा सविस्तर बोलतो कारण माझं म्हणणं सगळं इथेच आहे. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, वर वाढवून मिळतं ते वेगळं. ऑफिसातला क्लार्क वर्षं मोजतो. सड्यावर काम करणाऱ्याने पावसाळे मोजायचे. तीन वर्षं म्हणजे तीन पावसाळे, त्यातला एक कोर्सवर्कमध्ये आणि टॉपिक मंजूर होण्यात गेला, उरले दोन.

बघा ना, जांभ्याच्या सड्यावर माती बोटभर. पाऊस पडला की दिपकाडी पांढरी फुलते, जून-जुलैचा खेळ. मग डबक्यांत गेंद येतात, त्यातलं एक तर आपल्या रत्नागिरीच्याच नावाचं, एरिओकॉलॉन रत्नागिरिकम. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात, दवबिंदू नावाचं रोप किडे पकडत बसतं, कारण त्या मातीत नत्र नाही, मग पोट भरायचं कुठून. दिवाळीला जाऊन बघा, सगळं तपकिरी गवत. म्हणजे जूनचा आठवडा चुकला तर दिपकाडी गेली, थेट पुढच्या जूनला. आणि कॉलेजची टर्म कधी सुरू होते? जूनला. ॲडमिशन कधी? जूनला. नेटचा पेपर पण पुष्कळदा तेव्हाच कुठेतरी. माझा पहिला पावसाळा नेटमध्ये गेला. दुसरा मस्त मिळाला, पाच प्लॉट आखले, प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यांना रंग मारला. तिसऱ्या जूनला गेलो तर दुसऱ्या नंबरच्या प्लॉटवर सुरुंग लावून खड्डे काढलेले, त्यात बाहेरून आणलेली माती आणि हापूसची कलमं. मालक भला माणूस, चहा दिला, म्हणाला सर तुमची ती चार फुलं होती तिथेच ना? आता काय बोलणार, जमीन त्याची. त्यामुळे पाच प्लॉट लागत असतील तर आठ आखा, आणि सगळे एकाच मालकाच्या जागेत नकोत.

म्हणून टॉपिक निवडताना गाइड काय म्हणतो त्याच्याआधी स्वतःचं वेळापत्रक बघा. पूर्ण वेळ जेआरएफवर असाल तर सडा घ्या, त्यासारखं सुख नाही. पण शिकवत शिकवत करणार असाल (कायम झाल्यावर आठवड्याला 16 तास शिकवायचेच असतात) तर कांदळवन घ्या. कांदळ, तिवर, चिप्पी, मारांडी, काजळा वर्षभर जागेवर असतात, कुठे पळत नाहीत, फक्त ओहोटी सांभाळायची. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाचं पाणी जेवढं वर चढतं तेवढंच ओहोटीला खाली जातं, चिखल उघडा पडतो, तेव्हा काम. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. कालनिर्णयावर खुणा करा आणि एखाद्या मासेमारी करणाऱ्या गाबितदादाला विचारून निघा, तो घड्याळ न बघता सांगतो. 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलंय, त्यामुळे या विषयाची ओळख करून द्यायला लागत नाही. तिसरा पर्याय समुद्री शेवाळ. मालवण-कुणकेश्वरकडच्या खडकांवर पाऊस सरल्यापासून मार्चपर्यंत चांगलं मिळतं, नाताळची सुट्टी बरोबर त्यात येते. टिश्यू कल्चर घेणार असाल तर आधी लॅबला इन्व्हर्टर आहे का ते विचारा, वीज गेली की एसी बंद, मग बुरशी, आणि कोकणात जूनमध्ये वीज जाणं हा निसर्गक्रम आहे.

गाइड मिळणं हे लग्न जुळण्याइतकंच अवघड. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे 'सर तुमच्याकडे जागा आहे का' हा पहिला प्रश्न, विषय नंतर. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्याला एकटं गाठून विचारा की चॅप्टर परत द्यायला किती दिवस लावतात. बाकी काही विचारू नका, एवढ्यावरून सगळं कळतं.

परवानगीचं पण. वनखात्याची जागा असेल तर लेखी परवानगी, गावाची असेल तर ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते तिला कळवा. आणि देवरहाटीत जायचं तर कागदाने भागत नाही, आधी गावकर-मानकऱ्यांना भेटायचं, नारळ ठेवायचा, ते गाऱ्हाणं घालतील तेव्हा मान खाली घालून उभं राहायचं. माझ्या गाऱ्हाण्यात 'ह्या लेकराच्या पीएचडीक यश दी रे म्हाराजा' असं होतं. कुठलाच पान, कुठलीच फांदी मी तिथून तोडली नाही, पडलेलं तेवढं उचललं.

नमुने सुकवणं हा कोकणातला खरा छळ. पुस्तकात लिहिलेलं असतं की ब्लॉटिंग पेपर रोज बदला. आपल्याकडे आषाढात रोज बदलला तरी तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. सकाळ-संध्याकाळ दोनदा बदलायचा, जुने पेपर चुलीच्या वरच्या माळ्यावर वाळवायचे, किंवा लाकडी खोक्यात शंभरचे दोन बल्ब लावून त्यावर प्रेस ठेवायची, आईचे पापड वाळवायचे हक्क त्यात जातात ते वेगळं. नमुना चिकटवायची शीट 42 बाय 29 सेंटीमीटरची. नंबर जागेवरच घाला, घरी येऊन नाही. जागा, तारीख, उंची, फुलाचा ओला रंग, कारण सुकल्यावर गेंद सोडला तर सगळं तपकिरीच दिसतं. दोन-तीन जोड प्रती ठेवा, एक पुण्याला बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या) पश्चिम मंडळात नाहीतर मुंबईच्या झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (सुकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात) देता येते. तुमच्या कॉलेजचं कपाट वाळवीने खाल्लं तरी नमुना राहतो.

'सर मला नवीन स्पीशीज सापडली' असं दर दोन वर्षांनी कोणीतरी येतंच. सापडते, नाही असं नाही, आपल्या सड्यांवर अजून सापडतायत. पण आधी थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 मध्ये काढलेली मुंबई इलाख्याची फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचं वर्णन करणारं पुस्तक, उघडा, स्कॅन फुकट मिळते, आणि मग हर्बेरियममध्ये जाऊन जुन्या शीट बघा. दहातली नऊ नवीन स्पीशीज दुपारी चारपर्यंत जुनी होते. खरंच नवी असेल तर मूळ नमुना मान्य हर्बेरियममध्ये जमा करायचा, इंग्रजी किंवा लॅटिनमध्ये वेगळेपण लिहायचं, आणि तोपर्यंत इन्स्टावर टाकायची नाही.

पेपर छापताना एक सांभाळा. 'तीन दिवसांत पब्लिश, फी फक्त इतकी' असा मेल आला की डिलीट. 2025 मध्ये यूजीसीने स्वतःची मान्य जर्नलांची केअर यादी बंद केली, आता जर्नल बरं की बोगस ते आपणच ठरवायचं आणि पुढे कमिटीसमोर निस्तरायचं. सोपी चाचणी: त्या जर्नलमध्ये तुमच्या विषयातल्या ओळखीच्या चांगल्या माणसाने कधी काही छापलंय का?

मुलाखतीबद्दल थोडंच बोलतो. कायम जागा कमी निघतात, निघाली तरी आधी रोस्टर (आरक्षणाची बिंदुनामावली), मग एनओसी, मग जाहिरात, आणि रोस्टरवर तुमचा बिंदू कुठला ते बघूनच अर्ज करा. एका संस्थेत मला डेमो लेक्चरनंतर बाजूच्या खोलीत नेऊन 'तुमची तयारी किती' असं विचारलं, मी भाबडेपणाने म्हटलं सर पूर्ण सिलॅबस तयार आहे. ती जागा मला मिळाली नाही हे सांगायला नकोच. नंतर जिथे लागलो तिथे एक रुपया दिला नाही, त्यामुळे तसंही होतं, फक्त वेळ लागतो. डेमोला प्रकाशसंश्लेषण घेऊ नका, सगळे तेच घेतात. मी खिशातून कोकमाची नर आणि मादी फुलं काढून टेबलावर ठेवली होती.

लागल्यावर मूळ वेतन 57,700 पासून, वर महागाई भत्ता. मग बढतीचं गणित, ज्याला स्टाफरूममध्ये सगळे 'कॅस' म्हणतात: पीएचडी असेल तर चार वर्षांनी पहिली पायरी, नसेल तर सहा, मग पाच वर्षं, मग तीन वर्षांनी सहयोगी प्राध्यापक, इथे पीएचडी नसेल तर गाडी अडली, मग आणखी तीन वर्षांनी प्राध्यापक, तिथे मूळ वेतन 1,44,200. बेरीज केली तर पंधरा वर्षं, आणि ती पण सगळं वेळेत झालं तर. वेळेत होत नाही. कमिटी बसायला उशीर, रिफ्रेशर कोर्सचं सर्टिफिकेट सापडत नाही, एखाद्या वर्षाचा रिपोर्ट सहीविना राहिलेला. काम न केल्यामुळे अडकलेले मी कमी बघितलेत, कागदामुळे अडकलेलेच जास्त.

तेव्हा पहिल्या दिवसापासून फाइल. आणि कोकणात फाइलला पण पावसाळा असतो, माझं एमएस्सीचं मूळ मार्कशीट एका आषाढात हर्बेरियम शीटसारखंच बुरशी येऊन गेलं, डुप्लिकेटसाठी मुंबईला तीन फेऱ्या झाल्या. आता सगळे मूळ कागद तांदळाच्या जुन्या पत्र्याच्या पिंपात असतात, खाली मिठाची पुरचुंडी, वर घट्ट झाकण. लॅमिनेशन मात्र करू नका, पडताळणीला शिक्का बोटाने चाचपून बघणारे साहेब अजून आहेत.